काही तकरार नसताना

माझा आवाज माझ्या समोरून गेला. जिंतूरच्या स्टँडपुढं रस्ता ओलांडायला मी एक पाय टाकला होता, शाळेचं दप्तर एका खांद्यावर, आणि रंगनाथकाकांची रिक्षा टपावर भोंगा बांधून नवरदेवाच्या घोड्यासारखी सावकाश आली. "लगीनसराईचा बस्ता बांधायचाय? मग एकदा आमच्या दुकानात पाऊल ठेवाच." ते 'ठेवाच' म्हणताना मी शेवटी किंचित हसले होते, ओठाचा डावा कोपरा तेवढा वर उचलून, ते मला अजून आठवतं, पण भोंग्यातून ते हसू उन्हानं तापलेल्या पत्र्यासारखं बाहेर पडत होतं आणि उसाच्या गाड्यावर, पानटपरीवर, सेलूच्या गाडीत चढणाऱ्या माणसांच्या टोप्यांवर सांडत होतं. शेजारी एक मावशी उभ्या होत्या, हातात मेथीच्या जुड्या. रिक्षा वळेपर्यंत त्या ऐकत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "ही पुण्याची बाई लय गोड बोलती बघ. आपल्याकडच्या पोरींला जमंल का असं?" आणि मी म्हणाले, "कुठलं जमतंय, मावशी."

मीच म्हणाले. कोणी माझा गळा धरला नव्हता. मान डोलावली, वर थोडी खंतही दाखवली, जणू आमच्याकडच्या समस्त पोरींच्या वतीनं मी माफी मागत होते. मावशी आपल्या गाडीकडं निघून गेल्या आणि मी तिथंच उभी, जिभेवर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं काहीतरी तुरट पसरलेलं. एकाच मिनिटात माझ्या गळ्यातून दोन आवाज निघाले होते, एक भोंग्यातला आणि एक मावशीला 'हो' म्हणणारा, आणि त्यातला खोटा कोणता हे मला सांगता आलं नसतं. दप्तरात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये सकाळी फिजिक्सच्या तासाला आलेला निरोप. नांदेडची एक कंपनी आहे, शेतकऱ्यांना फोनवरून हवामान, फवारणी, बाजारभाव सांगणारी. कंप्युटरचा आवाज ऐकला की शेतकरी फोन ठेवून देतात म्हणून त्यांना माणसाचा आवाज हवाय. मी माझे नमुने पाठवले होते. त्यांना आवडले होते. फक्त तुम्ही सध्या जिथं काम करता तिथं आज-उद्या फोन करून खात्री करून घेऊ, असं त्यांनी लिहिलं होतं. नंबर मी दिलेला होता तो रंगनाथकाकांचा. आणि रंगनाथकाकांना ह्यातलं काहीएक माहीत नव्हतं. कोणीही फोन करून विचारलं की हा आवाज कोणाचा, तर काका झोपेतसुद्धा एकच उत्तर देतात: पुण्याच्या वैदेही मॅडमचा. म्हणजे नांदेडच्या लेखी मी कोण ठरणार, तर दुसऱ्या बाईचा आवाज चोरून आपला म्हणून पाठवणारी. फोन यायच्या आत मला काकांना सांगायला पाहिजे होतं, आणि एवढंच सांगायचं नव्हतं, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं. मी रस्ता ओलांडला. मागून जीपवाला काहीतरी बोलला, त्याला मी काय बोलले ते लिहीत नाही, पण जे बोलले ते माझ्याच आवाजात होतं आणि मला बरं वाटलं.

नववीला होते तेव्हा शाळेच्या गॅदरिंगला काकांचा मांडव आणि काकांचंच साऊंड होतं. प्रमुख पाहुणे येईनात, सूत्रसंचालन करणाऱ्या सरांकडचं बोलणं संपलं, आणि कोणीतरी माइक माझ्या हातात कोंबला. मी काय बोलले ते गेलं कुठल्या कुठं, पण एक क्षण राहिलाय: मागं मिक्सरवर बसलेल्या काकांनी माझ्याकडं बघितलं, पानानं रंगलेलं तोंड बंद केलं आणि एक खटका वर सरकवला. माझा आवाज एकदम मोठा झाला, माझ्यापेक्षा मोठा, गुरुवारच्या बाजाराएवढा मोठा, आणि त्यात मी आपोआप नीट उभी राहिले. दुसऱ्या दिवशी काका आमच्या किराणा दुकानी आले. अप्पांचं म्हणणं होतं की लिंगायताच्या घरची पोरगी रिक्षावर ओरडत हिंडली हे पाहुण्यारावळ्यांत बरं दिसायचं नाही. काका म्हणाले, "अप्पा, नाव कुठं येणार हाय? ही कोण, कुठली, कोणाला कळायचंच न्हाई." ते ऐकून अप्पांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, आईचं उतरलं, आणि खरं सांगायचं तर माझंही उतरलं. चौदा वर्षांच्या पोरीला लपायला मिळालं तर ती नाही कशाला म्हणेल?

काकांचा स्टुडिओ म्हणजे मांडवाच्या सामानाची खोली. भिंतींना लग्नातल्या गाद्या उभ्या लावलेल्या, खिडकीत गोधड्या कोंबलेल्या, माइकवर काकांचा धुतलेला मोजा चढवलेला. आत शिरलं की कानांना दडे बसल्यासारखं होतं. स्वतःचा श्वास, गिळलेली थुंकी, पोटातला आवाज, सगळं जवळ येतं. गाद्यांना पन्नास लग्नांचा वास, अत्तर, मसालेभात आणि घाम. त्या अंधारात मी पहिल्यांदा पोटातून बोलायला शिकले. घरी 'आमी यायलाव' म्हणणारी मी तिथं 'आम्ही येत आहोत' म्हणायचे आणि मला अंगावर इस्त्रीचा ड्रेस चढल्यासारखं वाटायचं. पहिल्याच जाहिरातीला कापडवाल्यानं विचारलं, आवाज कुठला मागवला? काकांना घरची पोरगी म्हणता येईना, अप्पांना शब्द दिलेला; ते म्हणून गेले, पुण्याहून. त्याच क्षणी कापडवाल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून काकांच्या लक्षात आलं की मागच्या गल्लीतल्या गोडव्याला इथं गिऱ्हाईक नाही, त्याला दोनशे कोस लांबून यावं लागतं. मग मॅडमला नाव आलं, नवरा आला, बंगला आला. माझी सहामाही असली की मॅडम परदेशी जायच्या. मला सर्दी झाली की मॅडमचं दिल्लीत शूटिंग. वालूरचे भुसारवाले बसवराजशेठ एकदा म्हणाले की मॅडमचा आवाज ऐकला की बाई गोरी असणार हे कळतंच, आणि काकांनी ते मला इतक्या अभिमानानं सांगितलं की मी माझ्या सावळ्या हाताकडं बघत हसले.

हसायचेच मी. मजाच होती, आपल्या पोटात एक पुण्याची बाई राहते आणि कोणाला माहीत नाही. पण पोटात ठेवलेलं वाढत जातं. आमच्या वर्गातली निवेदिता मधल्या सुट्टीत मॅडमची नक्कल करायची, नाकातून, मान वाकडी करून, आणि मुली लोळून हसायच्या. एकदा मला राहवलं नाही, मी म्हटलं असं नाही, असं, आणि बस्त्याची आख्खी जाहिरात म्हणून दाखवली. निवेदितानं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, "न्हाई जमलं रंजू. मॅडमचं वेगळंच हाय काहीतरी." त्या दिवशी घरी जाताना मी पुटपुटत होते, ती जाहिरात पुन्हा पुन्हा, आणि मला स्वतःला शंका यायला लागली होती की खरंच नाही जमलं. दुसरीही एक आठवण आहे, पण ती उलट्या बाजूची. आमच्यातलेच एक आजोबा वारले तेव्हा त्यांची खबर रिक्षावर फिरवायची होती. काकांनी नेहमीचा मजकूर पुढं केला: दुःखद निधन, अंत्ययात्रा, अग्निसंस्कार. मी वाचता वाचता थांबले. म्हटलं, काका, आमच्यात जाळत न्हाईत, बसवून माती देतात, अन् निधन न्हाई, लिंगैक्य झाले म्हणायचं. हा मजकूर गल्लीत गेला असता तर लोकांनी रिक्षा उलटी केली असती. काकांनी कपाळाचा घाम पुसला, मी ती खबर माझ्या पद्धतीनं म्हटली, आणि म्हणताना पहिल्यांदाच त्या खोलीत मॅडम नव्हत्या. फक्त मी आणि ते आजोबा, ज्यांनी मला लहानपणी कपाळाला भस्म लावलेलं. नंतर काकांनी त्या घरच्यांना सांगितलं की मॅडमनी खास तुमच्या समाजाचा अभ्यास केला. त्या रात्री मी जेवले नाही.

काकांच्या दुकानापाशी आले आणि पायरीवरच थांबले. आमच्याकडं काम सोडायची एक रीत आहे, ती म्हणजे सांगायचं नाही. काकांची रिक्षा आधी सिद्धोधनदादा चालवायचा. एक दिवस तो आलाच नाही. ताप असेल म्हणून काकांनी वाट बघितली, मग पाहुणे आले असतील म्हणून बघितली, आणि मग सेलूला तो दुसऱ्याच साऊंडच्या गाडीवर दिसला. दोघांनी एकमेकांना हात केला आणि तेवढ्यावर सगळं मिटलं. किंवा मग भांडायचं. भांडण झालं की माणूस सुटतो, दोन्हीकडच्यांना गावात सांगायला काहीतरी राहतं. आईनंही हेच सुचवलेलं: परीक्षा हाय म्हण अन् जाऊ नको, सांगायचं कशाला, तोंडावर सांगणं बरं दिसतं का? पण गेल्या महिन्यात मला अठरा पूर्ण झालीत, आणि अठरा झाल्यावर काहीतरी पहिल्यांदा करायचं असतं. मुली केस कापतात. मी ठरवलं होतं की मी सांगायचं. नांदेडला, संभाजीनगरला, आणि हो, पुण्यालासुद्धा अर्ज मी बसल्या बैठकीत टाकले होते. आत्ता मात्र दप्तर ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि मगच आत गेले.

काका गाद्यांच्या खोलीत खुर्चीवर बसून काळी वायर सोडवत होते. मी सांगून टाकलं. बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "काका, मी दुसरीकडं कामासाठी अर्ज करायले. नांदेडला केलाय. अजून दोन ठिकाणी केलाय. तुमाला माझ्या तोंडून कळावं म्हणून सांगायले."

काकांनी वायर सोडवणं थांबवलं नाही. चहा पितीस का, विचारलं. मी नको म्हटलं. ऊन फार वाढलंय म्हणाले. मग वायरीकडं बघतच त्यांनी विचारलं, कोणी काही बोललं का तुला, घरातून काकू काही बोलली का, रिक्षावाल्यानं काही वेडंवाकडं केलं का. प्रत्येक प्रश्नाला मी नाही म्हणत गेले आणि प्रत्येक नाहीनं त्यांचा चेहरा आणखी गोंधळत गेला. अपमान नाही, भांडण नाही, आजारपण नाही, लग्नही ठरलेलं नाही. मग माणूस जाईल कशाला? मला त्यांची दया आली आणि त्याचवेळी पोटातून हसू यायला लागलं, आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. घसा खाकरून ते म्हणाले, "तसंबी तू वायर नीट गुंडाळत न्हाईस."

"कितीदा सांगितलं," ते म्हणाले, "आठाच्या आकड्यात गुंडाळ, पीळ पडतो. अन् प म्हणताना फुंकर मारतीस. अन् मागल्या बुधवारी तासभर बसवलंस मला." आवाज चढवत होते ते, पण डोळे चढत नव्हते, डोळे माझ्याकडं बघून विचारत होते, पुरे का एवढं? आणि मला कळलं. ते माझ्यासाठी भांडण तयार करत होते. माझ्या जाण्याला एक बरासा रस्ता करून देत होते, घरातल्या लेकीला जाताना शिदोरी बांधून द्यावी तसं. मी फक्त 'तुमीबी कधी नाव घेतलं का माझं' एवढं म्हणायचं होतं. दोघांचीही सोय झाली असती. ते वाक्य माझ्या ओठावर होतं, खरंही होतं, तीन-चार वर्षं पिकलेलं होतं. ते म्हटलं असतं तर मी रडत बाहेर पडले असते, आई म्हणाली असती बरं झालं, आणि नांदेडचा फोन आल्यावर काका रागानं मॅडमचंच नाव सांगून मोकळे झाले असते. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले, वायरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि आठाच्या आकड्यात गुंडाळायला लागले.

"बुधवारचं चुकलंच माझं," मी म्हणाले. "पण त्याच्यामुळं न्हाई जायले. तुमच्यावर माझा राग न्हाई, काका."

"राग न्हाई तर कामून जायलीस?"

मला अजून काय काय जमतंय ते बघायचंय, असं मी सांगितलं. ते इतकं साधं निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मग जे खरं अवघड होतं ते: आज नाहीतर उद्या फोन येईल, आणि तुम्ही सांगायचं की हा आवाज माझा आहे. माझा, माझ्या नावासकट. अप्पांचं मी बघून घेते.

काकांच्या हातातली वायर खाली पडली. "मग मॅडमचं काय?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरीचं दुःख होतं, एखाद्याच्या घरचं माणूस जातंय असं. "बसवराजशेठनी लेकीच्या लग्नाची पत्रिका दिलीय मॅडमला. सहकुटुंब यायचं म्हणालेत."

"त्या लग्नाला मी जाते," मी म्हणाले. "सहकुटुंब. अप्पांना घेऊन."

ते हसले नाहीत. पुण्याच्या नावावर किती दुकानं जोडली, उद्या लोक म्हणतील रंगनाथनं फसवलं, ह्या वयात नवी पत कुठून आणू, असं ते भिंतीच्या गाद्यांना सांगत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला गॅदरिंगचे काका दिसत नव्हते, एक दमलेला माणूस दिसत होता, ज्यानं एक बाई जन्माला घातली, वाढवली, नटवली आणि जो आता तिला सोडायला तयार नव्हता. मला भीती वाटली. आणि भीतीच्या खाली, अगदी तळाशी, मजा वाटली, उंच झोक्यावर वाटते तशी. कारण सांगून झालं होतं. पुढं काहीही होवो, ते शब्द ह्या खोलीत म्हटले गेले होते आणि ते मोज्यातून गाळून गेले नव्हते.

तेव्हा फोन वाजला. दिवसभर साऊंड विकणाऱ्या काकांच्या मोबाइलचा कानाजवळचा स्पीकर कधीचाच बसलाय, त्यामुळं ते प्रत्येकाशी अख्ख्या दुकानाला ऐकवत बोलतात. अनोळखी नंबर होता. एका बाईंचा आवाज आला, नांदेडहून बोलते म्हणाल्या, शिवरंजनी नावाच्या मुलीनं आम्हाला आवाजाचे नमुने पाठवलेत, तुमच्याकडं काम करते असं कळवलंय, ते आवाज नक्की तिचेच ना?

काकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ 'पु' म्हणायच्या आकारात आले होते, मी शपथेवर सांगते, गोल झाले होते सवयीनं. मी काही केलं नाही. हात जोडले नाहीत, डोळ्यांनी विनवलं नाही. मला वाटलं की आता एक शब्द जरी माझ्याकडून गेला तरी तो भीक होईल, आणि मी सरळ बसून राहिले.

"तिचाच हाय," काका म्हणाले. आणि ते म्हटल्याबरोबर त्यांच्यातला जाहिरातवाला उठून उभा राहिला. "लय मोठा आवाज हाय बाई. पुण्याला तालीम झालेली हाय तिची, मोठमोठ्या लोकांत..."

"काका," मी म्हणाले. "जिंतूर."

ते थांबले. "पुण्याला न्हाई," ते म्हणाले. "जिंतूरची हाय. आमच्या मागल्या गल्लीतल्या किराणावाल्या वीरेशअप्पांची पोरगी. पुण्याची म्हणून मीच सांगत आलो सगळ्यांला. ती कधी म्हणली न्हाई."

पलीकडं कागद पालटल्याचा आवाज आला. मग बाईंनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला असावा, प्रत्येकाला विचारत असतील तो: तिच्या कामाबद्दल काही तक्रार? तुमच्याकडून का जाते आहे?

काकांनी माझ्या हातातल्या गुंडाळीकडं पाहिलं. आठाचे आकडे एकावर एक नीट बसलेले. बुधवार त्यांच्या तोंडाशी आला असेल, फुंकर आली असेल. ते सगळं त्यांनी गिळलेलं मी बघितलं. "काही तकरार न्हाई," ते सावकाश म्हणाले, नव्या भाषेतलं पहिलं वाक्य म्हणावं तसं. "भांडण न्हाई, काही न्हाई. जायली आपली." आणि त्यांना स्वतःलाच ते इतकं नवल वाटलं की त्यांनी ते पुन्हा म्हणून बघितलं. मग खुर्चीत सावरून बसले, आणि बसवराजशेठसारख्या माणसाकडून दोन महिने आधी काम ठरवून घेताना त्यांचा जो आवाज लागतो, तो लागला.

"अन् बाई, एक ध्यानात ठेवा. ती तुमच्याकडंच अर्ज करायली असं समजू नका. अजून दोन-तीन ठिकाणी करायली. मला तोंडावर सांगितलंय तिनं. तुमचं काय ते लवकर सांगा."

पलीकडच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, तिलाच द्या फोन. काकांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"बोला ताई," मी म्हणाले. "शिवरंजनी बोलायले."